पान चौदा, नजर उत्तम

माझ्या दादाला गावात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्याला ‘पहिली-दुसरी’ म्हणतात. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या उंच खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढली, की दादा एकामागून एक भिंगं अडकवत विचारतो, “पहिलं बरं की दुसरं?” पण नाव त्यावरून पडलेलं नाही. ते शाळेत असतानाच पडलं होतं. शेजारच्याच्या वहीत डोकावून “वेलांटी पहिली की दुसरी?” असं विचारायची त्याला खोड होती. पुढे त्यानं धंदाही असा निवडला की नाव बदलायची गरजच पडली नाही.

मी त्याची धाकटी बहीण, तीन वर्षांनी लहान. त्याची पुस्तकं वापरून झाली की माझ्याकडे यायची. बाकीची पुस्तकं कान दुमडलेली, पाठ सुटलेली असायची. फक्त तिसरीचं शुद्धलेखनाचं पुस्तक त्यानं मला दिलं नाही. “नवीन घ्या तिला,” म्हणून आईशी भांडला. आईनं शेवटी ते त्याच्या हातातून ओढून काढलं, तेव्हा मुखपृष्ठ त्याच्याकडे राहिलं आणि आतला मजकूर माझ्याकडे आला. मुखपृष्ठावर टाक धरून बसलेलं एक मांजर होतं. ते त्यानं बारा वर्षं पाकिटात घालून फिरवलं.

त्या पुस्तकाचं वेड लावलं आमच्या बाईंनी. बाई तिसरीला शुद्धलेखन शिकवायच्या, एकतीस वर्षं त्यांनी तेच शिकवलं. गावातला चाळिशीच्या पुढचा जवळपास प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला. पुस्तकाचं पान चौदा हे त्यांचं लाडकं. रोज सकाळी पाट्या बाकावर ठेवायच्या, हाताची घडी घालायची, आणि सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं:

दूध.
फूल, मूल.
बहीण, वडील.
जमीन, शरीर, विहीर.
मीठ, पीठ, नीट, धीट.
माझी बहीण परीक्षेला गेली आणि पेन्सिल विसरली.

शेवटच्या ओळीला सगळी मुलं माझ्याकडे बघून हसायची, कारण मी खरोखरच विसरायचे.

दादाला पान चौदा पाठ होतंच, पण त्याचा जीव त्याहून जास्त होता तो लिहिण्याच्या सामानावर. नव्या निबेला कारखान्यातलं तेल लागलेलं असतं, म्हणून ती आधी जिभेवर ठेवायची आणि मगच शाईत बुडवायची, शाई साकळली की पुन्हा जिभेनंच साफ करायची, हे त्यानं मला शिकवलं. वर्षभर आम्हां दोघांच्या जिभा निळ्या होत्या. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवायच्या, डाग पडला तर टीपकागद, टीपकागद नसेल तर खडू आडवा फिरवायचा. खोडरबराची गुलाबी बाजू पेन्सिलीसाठी आणि निळी बाजू वहीला भोक पाडण्यासाठी. एवढं ज्ञान घेऊन तो मोठा झाला, चष्मे विकायला लागला, आणि त्याचं लग्न झालं.

वहिनी परगावच्या. बाईंच्या हाताखालून न गेलेल्या. स्वभावानं मोकळ्या, हातानं चपळ, दुकानातल्या चौकटींचे बारीक स्क्रू त्याच बसवतात. पण ऱ्हस्व-दीर्घाशी त्यांचं काही जमत नाही. लग्नानंतर आठच दिवसांनी त्यांनी दादाला चिठ्ठी लिहून ठेवली: ‘दुध संपले. येताना निट बघुन आणा.’ दादानं खिशातून लाल पेन काढलं. तीन चुका दुरुस्त केल्या, खाली ‘पुन्हा लिहा’ असं लिहिलं, आणि संध्याकाळी चिठ्ठी घेऊन घरी आला.

“दूध कुठाय?” वहिनींनी विचारलं.

“आधी हे बघ. दूधचा उकार दुसरा.”

“उकार चहात घालू का?”

पुढची सत्तावीस वर्षं हेच चाललं. दर चिठ्ठी घरातून निळी जायची आणि लाल होऊन परत यायची. वहिनी रागावत नसत. फक्त चिठ्ठ्या लांब लांब लिहायला लागल्या. “त्यांना दिवसभर काम मिळतं,” त्या मला म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मुख्याध्यापिकेच्या चष्म्याची काडी बसवायला दादा शाळेत गेला. पाच मिनिटांचं काम. परत आला तो संध्याकाळी, हातगाडी ढकलत. शाळेत रंगकाम निघालं होतं. मागच्या खोलीतलं जुनं कपाट रिकामं करून सगळं भंगारात द्यायचं ठरलं होतं, आणि दादा नेमका त्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला होता.

हातगाडीवर काय नव्हतं! वीस कोरी शुद्धलेखनाची पुस्तकं, मांजरासकट. टाकांचा जुडगा. निबांच्या तीन डब्या. चिनीमातीच्या दौती, ज्यांतल्या एकीत मेलेली माशी होती. टीपकागदाचे गठ्ठे. टेबलाला आवळून दांडा फिरवायचं पेन्सिलीला टोक काढण्याचं यंत्र. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. जिभेचा रंग बघून वहिनींनी कपाळाला हात लावला.

“निबा चाटल्यात तुम्ही?”

“एकच,” दादा म्हणाला. जीभ मात्र पाच-सहा निबांची होती.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं रूपच पालटलं. काउंटरवर दौत आली. दादानं चष्म्याचे नंबर टाकानं लिहायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर १.५ मधलं टिंब शाईनं इतकं पुसलं गेलं की भिंग घासणाऱ्या कारखान्यातून फोन आला: “नंबर पंधरा लिहिलाय. हा चष्मा आहे की दुर्बीण?” दादा म्हणाला, “शाईला थोडा वेळ द्या, सवय होईल.” कुणाला सवय व्हायची ते त्यानं सांगितलं नाही.

मग त्यानं वीसही पुस्तकांना कव्हरं घालायची ठरवली. जाड, पांढरा, चांगला कागद हवा होता. भिंतीवर नजर तपासण्याचा तक्ता होता, वर मोठं अक्षर आणि खाली लहान लहान होत जाणारी, कशाचाही कशाशी संबंध नसलेली अक्षरं. दादानं तो उतरवला आणि कापला. शिवाय साठ्यातले दोनही कापले. आणि त्या रिकाम्या भिंतीवर, स्वतःच्या हातानं, काळ्याभोर शाईनं, सुंदर वळणदार अक्षरांत पान चौदा लिहून लावलं. ‘दूध’ सगळ्यात मोठं, मग प्रत्येक ओळ बारीक होत गेलेली. पेन्सिल विसरलेली बहीण अगदी तळाशी, मुंगीएवढी.

“निरर्थक अक्षरं वाचून माणसाचं काय भलं होतं?” तो मला म्हणाला. “यात नजरही तपासली जाते आणि शुद्धलेखनही.”

मला ते पटलं. हे मी आत्ताच कबूल करते, कारण पुढे मला त्याची किंमत मोजावी लागली.

तक्ता लागल्यावर सगळ्यात आधी आला शिंपी. तो आणि दादा एकाच बाकावरचे. सुईत दोरा जात नाही म्हणून आला होता. खुर्चीत बसला, समोर बघितलं, वरचं मोठं ‘दूध’ तेवढं त्याला दिसलं असावं. एकदम ताठ झाला, हाताची घडी घातली आणि सुरात सुरू केलं: “दूध! फूल, मूल! बहीण, वडील!” शेवटच्या ओळीपर्यंत एक अक्षर चुकलं नाही. दादाही नकळत त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणत होता.

“नजर उत्तम!” दादानं जाहीर केलं. “सुईच खराब असेल.”

शिंप्यानं नवीन सुया घेतल्या आणि गावभर सांगितलं. त्यानंतर लोकांची रीघ लागली. बसचा कंडक्टर आला, मुख्याध्यापिका आल्या, केमिस्ट आला, केमिस्टची सासू आली. ज्यांना डोळ्यांचं काही नव्हतं तेही नुसतं पान चौदा वाचायला यायचे. वहिनींना बाहेर बाक टाकावा लागला. आत एक जण वाचायला लागला की बाहेरचे बाकावरून साथ द्यायचे. कुणी तर डोळे मिटून म्हणायचं. दादा प्रत्येकाच्या नावापुढे वहीत टाकानं लिहायचा: नजर उत्तम. मीही एका शनिवारी वाचनालय बंद करून गेले. मी नगरवाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. मीही खाडखाड वाचलं. नजर उत्तम.

दोन महिन्यांत दुकानातून एकही चष्मा गेला नाही. दुसरा कुणी काळजीत पडला असता. दादानं सिद्धांत काढला.

“ज्याचं शुद्धलेखन चांगलं, त्याची नजर शाबूत राहते,” तो मला गंभीरपणे म्हणाला. “त्रेसष्ट माणसं तपासली. एकालाही नवा चष्मा लागला नाही. मी चष्मेवाल्यांच्या संघाला पत्र लिहिणार आहे.”

“आणि माझं काय?” आतून वहिनींनी विचारलं. “माझी नजर तर चांगली आहे.”

“अपवाद,” दादा म्हणाला.

इकडे गावात मात्र विचित्र प्रकार सुरू झाले होते. शिंप्यानं बँकेतल्या मॅनेजरची पँट शिवली, तिचे खिसे वरून शिवून बंद केले. मॅनेजर दोन दिवस कचेरीत खिशात हात घालायचा प्रयत्न करत होते, लोकांना वाटलं त्यांना कंबरेत काहीतरी होतंय. कंडक्टर तर एका सीटवर ठेवलेल्या ओव्हरकोटाशी तिकिटावरून भांडला. कोट गप्प बसला म्हणून त्यानं त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं. कोटाचा मालक मागच्या सीटवरून ओरडत पळत गेला. वाचनालयात एका बाईंनी स्वयंपाकाचं पुस्तक मागितलं, ते मी दिलं. आठ दिवसांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, “पुस्तक छान आहे हो, पण यात पहिल्या पानापासून मधमाश्याच आहेत.” मी म्हटलं, पुढे गोड पदार्थ येतील.

एवढं होऊनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला बाई आल्या तेव्हा.

बाई आता ऐंशीच्या पुढे गेल्यात. काठी टेकत, पाठ मात्र ताठ. त्या दिवशी सकाळी वहिनींनी भिंत पुसायला काढली होती. तक्ता खाली उतरवून आतल्या खोलीत नेला होता आणि त्याच खिळ्यावर आपला ओला टॉवेल अडकवून त्या बादलीत पाणी बदलायला गेल्या होत्या. दादा काउंटरखाली वाकून एक पडलेला स्क्रू शोधत होता. मी दारात उभी होते.

“अरे ए पहिली-दुसरी,” बाई खुर्चीत बसत म्हणाल्या, “तू पान चौदा लावलंयस म्हणे. ऐकून बरं वाटलं. वाचू का?”

“वाचा बाई!” दादा काउंटरखालूनच म्हणाला. आनंदानं त्याचं डोकं वर आपटल्याचा आवाज आला.

बाईंनी टॉवेलकडे बघितलं. घसा साफ केला. आणि टॉवेल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. स्वच्छ उच्चार, प्रत्येक दीर्घ लांबवून. शेवटी जरा मान पुढे करून म्हणाल्या, “खालची ओळ थोडी ओली झालीय. पण अक्षर छान आहे तुझं.”

“शाब्बास, बाई! नजर उत्त…” दादा स्क्रू घेऊन वर आला आणि त्याची नजर भिंतीवर गेली.

मी त्याचा चेहरा इतका पांढरा कधी बघितला नव्हता. त्यानं टॉवेलकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, पुन्हा टॉवेलकडे. मग हळूच तीन बोटं वर केली.

“बाई, किती बोटं आहेत?”

“आधी मला सांग,” बाई म्हणाल्या, “बोटंवर अनुस्वार का देतोस?”

“अनेकवचन, बाई.”

“बरोबर. म्हणजे एकाहून जास्त आहेत.”

बाईंना चहा देऊन, हात धरून घरी सोडून दादा परत आला आणि वही उघडून बसला. एकामागून एक पान उलटत गेला. नजर उत्तम. नजर उत्तम. नजर उत्तम. मध्येच त्यानं वर बघून मला विचारलं, “भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत?”

“घड्याळ कुठाय?” मी विचारलं.

त्यानं वहीवर डोकं टेकलं. कपाळावर उलटं ‘उत्तम’ उमटलं.

नवीन तक्ता मागवायला तीन आठवडे लागणार होते. दादा तेवढं थांबायला तयार नव्हता. “कंडक्टर कोटांना उतरवतोय!” तो म्हणाला. त्यानं शिंप्याच्या दुकानात जाऊन समोरची पाटी वाचायला सांगितली. शिंपी भडकला. “नजर उत्तम असं तूच लिहून दिलंयस. तुझ्या सहीनं. आता फिरवतोस? पान चौदा लाव, हजार वेळा वाचून दाखवतो!” सगळीकडे हेच. आपले डोळे अधू आहेत हे कबूल करायला कुणी तयार नाही, आणि पान चौदा वाचायला मात्र सगळे एका पायावर तयार.

तोडगा दादाला दुकानात फेऱ्या मारता मारता सुचला. सुचला आणि तो मटकन खाली बसला.

“काय झालं?” मी विचारलं.

“पान चौदा लावायचं. पण चुकीचं.” हे शब्द त्याच्या तोंडून दात काढावा तसे निघत होते. “सगळं चुकीचं. ज्याला दिसेल तो ओरडेल. जो पाठ म्हणेल तो गुपचूप बरोबर म्हणत राहील. तो सापडला.”

“आणि ज्याला दिसेल पण चूक कळणारच नाही तो?” वहिनींनी विचारलं.

“बाईंच्या शाळेत शिकून चूक न कळणारा माणूस गावात नाही.”

दादानं मोठा कागद पसरला, टाक बुडवला आणि ‘दुध’ लिहायला घेतलं. लिहून झालं ते ‘दूध’. त्यानं कागद फाडला. पुन्हा ‘दूध’. तिसऱ्या खेपेला पहिला उकार काढला, पण हाताच्या सवयीनं त्याचा दुसरा झाला. डोळे मिटून लिहिलं, डाव्या हातानं लिहिलं, मी त्याचं मनगट धरून बघितलं. घामाघूम झाला. सात कागद गेले आणि सातही कागदांवर ते शब्द अगदी निर्दोष. डाव्या हाताचे वाकडे होते, पण शुद्ध.

“नाही होत,” तो म्हणाला. पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस, रडायच्या बेतात.

वहिनी कप विसळत होत्या. त्यांनी हात पुसले, दादाच्या हातातून टाक घेतला.

“मी लिहू?”

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच तो वहिनींकडे तज्ज्ञाकडे बघावं तसं बघत होता.

“पण अट आहे,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या चिठ्ठ्यांना यापुढे लाल शाई लागणार नाही.”

दादानं खिशातलं लाल पेन काढून काउंटरवर ठेवलं. “बरं.”

“आणि लिहिलेलं सामान आणायचं.”

“बरं, बरं.”

वहिनींनी मग एका दमात पान चौदा लिहून काढलं. दुध. फुल, मुल. बहिण, वडिल. जमिन, शरिर, विहिर. मिठ, पिठ, निट, धिट. आणि तळाशी: माझि बहिन परिक्शेला गेली आणी पेन्सील विसरली. त्यातलं ‘गेली’ आणि ‘विसरली’ तेवढं चुकून बरोबर आलं होतं.

“परिक्शेला!” दादा हळूच म्हणाला. “एका शब्दात दोन! हे मला आयुष्यात सुचलं नसतं. आणि ही ‘बहिन’, ही खास मुद्दाम केलीस?”

“मुद्दाम कसली?” वहिनी म्हणाल्या. “मी आपलं सरळच लिहिलंय.”

रविवारी सकाळी सगळ्या त्रेसष्ट जणांना बोलावणं गेलं: पान चौदाचं खास वाचन. एकेकानं आत यायचं. पहिला केमिस्ट आला. खुर्चीत बसायच्या आधीच किंचाळला, “अरे हे काय! दूधचा उकार कुणी तोडला? विहीर बघा, विहीर!” दादानं त्याला मिठी मारली आणि मागच्या दारानं बाहेर काढलं, पुढच्यांपाशी गुपित फोडू नये म्हणून. “नजर उत्तम! खरोखर उत्तम!”

मग शिंपी. हाताची घडी घातली, सुरात, बिनचूक, सगळं पान म्हणून मोकळा झाला आणि ऐटीत म्हणाला, “बघ!” दादा त्याच्या नाकावर चौकट चढवून भिंगं घालायला लागला.

“हे पहिलं. आणि हे दुसरं. पहिलं बरं की दुसरं?”

“पहिलंच बरं,” शिंपी म्हणाला. “दुसऱ्यात चुका दिसतायत.”

“किती?”

शिंप्यानं डोळे बारीक केले. आणि मग असा ओरडला की बाहेरच्या बाकावरचे उठून उभे राहिले. “शरिर? शरिर! कुणी केलं हे?”

“मग दुसरंच,” दादा म्हणाला आणि नंबर लिहून घेतला.

दिवसभर असंच चाललं. माणूस शांतपणे पाठ म्हणायचा, दादा भिंगं बदलत जायचा, आणि ज्या भिंगाला माणूस किंचाळेल तो त्याचा नंबर. मुख्याध्यापिका ‘जमिन’ला किंचाळल्या. कंडक्टरनं ‘आणी’ बघून सरळ शिटी वाजवली. माझ्याही नाकावर चौकट चढली; एका भिंगाला मधमाश्यांचा सगळा उलगडा झाला, मी ‘बहिन’पाशी थांबले आणि वहिनींकडे बघितलं. त्या स्क्रू बसवण्यात गर्क होत्या. त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस जणांना चष्मा निघाला. संघाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा दादानं स्वतःच टीपकागद म्हणून वापरून टाकला.

सगळ्यात शेवटी बाई. दादानं त्यांना टाळायचा खूप प्रयत्न केला होता. त्यांना वेगळं, घरी जाऊन तपासतो म्हणाला. पण बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी पान चौदा म्हटलं, अर्थातच निर्दोष. दादा भिंगं घालत गेला, जड, आणखी जड. शेवटी एका भिंगाला बाई पुढे वाकल्या.

किंचाळल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. वरपासून खालपर्यंत. बाकावरचे सगळे दारात गोळा झाले होते, नवे नंबर हातात घेऊन.

“कुणी लिहिलं हे?” बाईंनी विचारलं.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला होता. त्या पुढे व्हायला निघाल्या, एवढ्यात दादा म्हणाला, “मी, बाई.”

“तू?”

“हो, बाई. मीच.”

“तू दुध लिहिलंस? पहिल्या उकारानं?”

“घाईत होतो, बाई.”

बाईंनी मोठा सुस्कारा सोडला. “माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होतास तू. बस तिकडे. प्रत्येक शब्द दहा वेळा.”

आणि माझा दादा, अठ्ठावन्न वर्षांचा, स्वतःच्या दुकानाचा मालक, सगळ्या गावासमोर बाकावर बसला. दौत शेजारी ठेवली, निब जिभेला लावली, आणि लिहायला लागला. दूध, दूध, दूध. शिंपी मान डोलावत मोजत होता. कंडक्टर म्हणाला, “मागच्या रांगेत बसला असता तर मी वाचवलं असतं याला.” वहिनी त्याच्या बाजूला जाऊन बसल्या. तो ‘विहीर’पर्यंत पोहोचला तेव्हा त्यांनी हळूच टीपकागद पुढे केला आणि त्यानं तो घेतला. मी त्यांना एवढा वेळ शुद्धलेखनावरून वाद न घालता शेजारी बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी वही तपासली. नव्या चष्म्याचं तात्पुरतं भिंग डोळ्यांपुढे धरून, ओळन् ओळ. दहापैकी सात गुण दिले. तीन गुण डागांचे गेले. दादा म्हणाला, “शाई जुनी आहे, बाई.” बाई म्हणाल्या, “लिहिणारा त्याहून जुना आहे. सबब नको.”

तीन आठवड्यांनी नेहमीचा तक्ता आला आणि भिंतीवर लागला. वहिनींचा तक्ता दादानं गुंडाळून कपाटात नीट ठेवला आहे, शंका आली तर एखाद्याला तो दाखवतो. बाहेरचा बाक काढायचा तेवढा राहून गेला, आणि लोकांना रविवारी तिथे यायची सवय लागली होती. एका रविवारी बाई नव्या चष्म्यात आल्या, चौथ्या रांगेतल्या मुलाकडे बघावं तसं सगळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “आज पान पंधरा.”

बाकावरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पान पंधरा कुणालाच येत नव्हतं. एकतीस वर्षं बाईंनी चौदावर इतका वेळ घेतला होता की पंधराला पोहोचेपर्यंत दर वर्षी सुट्टी लागायची. वहिनी हसत हसत सगळ्यांना कोरे कागद वाटायला लागल्या आणि एक स्वतःलाही घेतला. बाईंनी शब्द सांगितले, सगळ्यांनी टाकानं लिहिले, निम्म्यांनी कपड्यांवर.

वहिनींना दहापैकी दोन मिळाले. त्यांनी तो कागद घरी नेऊन आरशाला लावला. मला आठ. दादाला सहा. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे, कारण तो कुणालाही सांगणार नाही.